तुकडा तपासल्याशिवाय नाव देऊ नका

जालना जिल्ह्यातल्या हसनाबादसारख्या गावात जांघेतली गाठ घरातही कुणी दाखवत नाही. अंगावरून पांढरं जातंय हे बाई जावेजवळही बोलत नाही, पुरुष मेडिकलवरून मलम आणतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. त्याचा अहवाल 1989 मध्ये आला: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. असं अंगावर काढलेलं दुखणं वाढतं आणि मग मनात एकच शब्द येतो, कॅन्सर.

तो असूही शकतो. पण शरीरसंबंधातून होणारे काही आजार हुबेहूब तसेच दिसतात आणि औषधाने बरे होतात. जुनी माणसं जिला गरमी म्हणत, त्या सिफिलिसची पहिली जखम हाताला बटणासारखी कडक लागते, पण दुखत नाही. जांघेत गाठी येतात. काही आठवड्यांनी जखम आपोआप भरते, आजार मात्र अंगात राहतो. रक्ताच्या साध्या तपासणीत तो कळतो आणि पेनिसिलिनने जातो.

डोनोव्हॅनोसिस त्याहून फसवा. लालभडक फुगलेलं मांस, बोट लागताच रक्त. गर्भपिशवीच्या तोंडावर झाला तर डॉक्टरलाही कॅन्सर वाटावा. डॉक्टर चार्ल्स डोनोव्हन यांना मद्रासमध्ये 1905 साली त्याचे जंतू दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली ते मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखे दिसतात. हा रोग आता दुर्मीळ आहे, पण जखमेचा छोटा तुकडा काढून तपासला आणि त्यात ती पिन सापडली तर जखम भरेपर्यंत काही आठवडे अझिथ्रोमायसिन घ्यायचं, बस.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. तिच्यापायी कॅन्सरलाच इन्फेक्शन समजून गोळ्या खाणारेही आहेत. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मुळात शरीरसंबंधातून येणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळेच जवळजवळ नेहमी होतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं.

जालन्याच्या सिव्हिलमध्ये गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक विचारा, किंवा आधी एड्स हेल्पलाइनच्या 1097 वर फोन करा. फोनवर नाव सांगावं लागत नाही. आणि जोडीदाराला सोबत न्या. एकट्यानेच औषध घेतलं तर आजार परत येऊ शकतो.