अधिकृत विक्रेते

जळगाव जिल्ह्यातल्या भडगावच्या बाजारात कृषी सेवा केंद्राची पाटी लांबून वाचता येते. ठिबकच्या नाहीतर बियाण्याच्या कंपनीचं नाव हातभर मोठं, खाली 'अधिकृत विक्रेते' आणि मग दुकानदाराचं नाव. कंपनी कोणाची आणि दुकान कोणाचं, हे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे कळतं. हाच दुकानदार इंटरनेटवर दुकान मांडायला निघाला आणि कंपनीचं नाव घालून त्याने डोमेन, म्हणजे तिथला पत्ता, घेतला तर चालेल का?

असाच वाद २००१ साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे आला. ओकी डेटा या प्रिंटर कंपनीच्या एका अधिकृत दुरुस्ती केंद्राने 'ओकीडेटापार्ट्स डॉट कॉम' नोंदवलं होतं. कंपनीची तक्रार फेटाळली गेली, पण निकालाने अटी स्पष्ट केल्या. माल खरोखर विकला पाहिजे आणि तो त्याच कंपनीचा पाहिजे, कंपनीशी असलेलं नातं ठळक सांगितलं पाहिजे, आणि त्या नावाचे सगळेच पत्ते अडवून ठेवता कामा नयेत. भडगावच्या पाटीवर रंगारी जे लिहितो, त्यातलं बरंचसं यात आलं.

घोळ होतो तो दोन व्यवस्थांच्या चालीमुळे. गिरणा नावाने एकाने दूध विकलं, दुसऱ्याने पाइप, तर व्यापारचिन्हांच्या कायद्याला सहसा अडचण नसते. मालाचे आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. 'गिरणा डॉट कॉम' मात्र जगात एकच. आधी मागेल त्याला मिळतं, आणि देताना नावावर हक्क कोणाचा हे कोणी तपासत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'रेडिफ' या संकेतस्थळाच्या तक्रारीवरून 'रॅडिफ' नावाचा वापर थांबवला. एका मात्रेचा फरक, पण वाचणारा फसतोच. पुढे २००४ मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेनसाठी वेगळा कायदा नसला, तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचं संरक्षण त्यालाही मिळतं. २००५ मध्ये 'डॉट इन' सर्वांसाठी खुलं करण्याआधी व्यापारचिन्हधारकांना पहिली संधी दिली गेली. त्याच वर्षी तक्रारींसाठी लवादाची सोयही झाली.

तालुक्याच्या गावातली खरी जोखीम आणखी साधी आहे. संकेतस्थळ करून देणारा मुलगा पत्ता स्वतःच्याच ईमेलवर नोंदवतो. विक्रेतेपण संपलं की पाटी दिवसभरात पुसता येते. पत्ता मात्र ज्याच्या नावावर त्याच्याच ताब्यात राहतो. म्हणून नाव वापरायची परवानगी देणाऱ्या करारातच लिहून घ्यावं: पत्ता कोणाच्या नावे, नूतनीकरणाचे पैसे कोणाचे, करार संपल्यावर किती दिवसांत सोपवायचा.

आणि कंपनीऐवजी गावाचं नाव असलेला माल, म्हणजे इथली केळी? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव एका व्यापाऱ्याचं नव्हे, त्या मातीत पिकवणाऱ्या सगळ्यांचं. पण डोमेनच्या वादात एवढं पुरेलच असं नाही. फ्रान्समधल्या शॅम्पेन उत्पादकांच्या संघटनेने 'शॅम्पेन डॉट सीओ'वर दावा केला, तो २०११ मध्ये फेटाळला गेला. भौगोलिक नाव म्हणजे आपोआप व्यापारचिन्ह नव्हे, असं तिथे ठरलं. दार्जिलिंग चहासाठी चहा मंडळाने मानांकनाच्या कितीतरी आधीपासून प्रमाणन चिन्ह, म्हणजे व्यापारचिन्हाचाच एक प्रकार, हेही नोंदवून ठेवलं होतं. केळी उत्पादकांच्या संघांनी ही दुहेरी नोंद नीट अभ्यासावी.