टिपणाऱ्यालाही चित्रात स्थान

कुटुंबाच्या छायाचित्रसंग्रहात एक व्यक्ती सहसा दिसत नाही. ती म्हणजे छायाचित्र टिपणारी. बहुधा ते वडील असतात. पेढी बंद ठेवून सहलीस वेळ काढणारे तेच आणि चित्रांत अनुपस्थितही तेच. सेल्फ-टायमरमुळे ही उणीव भरून निघते.

ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ मध्ये फिलाडेल्फियातील दिव्यांचे व्यापारी रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी दुकानामागील अंगणात स्वतःचेच छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना बराच वेळ निश्चल राहावे लागले. आज मोबाइलवर दहा सेकंद पुरतात.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरणाऱ्या कुटुंबांना धरमतर खाडी, तिवरांची राई आणि पैलतीरावरील करंजा अशी सुंदर पार्श्वभूमी लाभते. मोबाइल तिपाईवर स्थिर ठेवावा, सर्वांना आधी उभे करून चौकट निश्चित करावी, टिपणाऱ्यासाठी जवळच्या टोकाची जागा राखावी आणि मगच टायमर लावावा.

मात्र ही दहा सेकंदांची धावपळ धक्क्याच्या कडेला किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवर कदापि करू नये. ओहोटीत उघडा पडलेला चिखल पाय रुतवतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी अधिक चढते. वांद्र्याच्या किनाऱ्यावरील दुर्घटनेनंतर २०१६ मध्ये मुंबई पोलिसांना सोळा ठिकाणे सेल्फीसाठी धोक्याची ठरवावी लागली. धक्क्यापासून दूर, सपाट व कोरड्या जमिनीवर घेतलेल्या चित्रातही खाडी दिसतेच आणि वडीलही दिसतात.