ताप उतरला, पण प्लेटलेट्स घसरतायत! डेंग्यूत खरा धोका नेमका कशाचा?

पावसाळा सरत आला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक ठरावीक मेसेज फिरू लागतो. 'डेंग्यूचा पेशंट, प्लेटलेट्स १८ हजार, एसडीपी तातडीने हवे.' खाली रक्तगट, हॉस्पिटलचं नाव आणि नातेवाइकाचा नंबर. पाठवणाऱ्याची घालमेल खरी असते. पण प्लेटलेट्सच्या एका आकड्यावर अख्खं घर डोळे लावून बसतं आणि त्याच रिपोर्टमध्ये छापलेल्या दुसऱ्या आकड्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

प्लेटलेट्स, म्हणजे रक्तपट्टिका, आपल्या हाडांमधल्या मज्जेत तयार होतात. रक्तवाहिनीला इजा झाली की तिथे गोळा होऊन छिद्र बुजवायचं, हे त्यांचं काम. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य जेमतेम ७ ते १० दिवसांचं. डेंग्यूचा विषाणू मज्जेतलं उत्पादन मंदावतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती रक्तातल्या प्लेटलेट्सही नष्ट करते. त्यामुळे दोन-तीन दिवसांत आकडा लाखावरून काही हजारांवर येऊ शकतो. आजार ओसरला की तो आपोआप वर चढतो.

मग माणूस गंभीर कशाने होतो?

डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, त्यातून पाझरून पोटात आणि छातीत साचतो. वाहिन्यांमध्ये उरलेलं रक्त दाट होतं, रक्तदाब घसरतो आणि वेळेत लक्षात आलं नाही तर रुग्ण शॉकमध्ये जातो. ही गळती दाखवणारा आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. रिपोर्टमध्ये तो 'एचसीटी' किंवा 'पीसीव्ही' या नावाने असतो. प्लेटलेट्स घसरत असताना हा आकडा वर चढू लागला, तर डॉक्टर सावध होतात.

आणि हे घडतं केव्हा? बहुतेक वेळा ताप उतरताना. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप जातो, घरचे निश्चिंत होतात, आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक असतात. या काळात पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, गुंगी किंवा विनाकारण अस्वस्थपणा यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टची वाट पाहायची नाही. थेट हॉस्पिटल गाठायचं, मग प्लेटलेट्स ९० हजार का असेनात.

उलट, १८ हजार प्लेटलेट्स असलेला रुग्ण शुद्धीवर असेल, व्यवस्थित पाणी पीत असेल, लघवी होत असेल आणि कुठूनही रक्त येत नसेल, तर डॉक्टर अनेकदा प्लेटलेट्स न देता त्याला हॉस्पिटलमध्ये नजरेखाली ठेवतात. नातेवाइकांना हा हलगर्जीपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या हॉस्पिटलांमध्ये झालेली एक चाचणी २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी असलेले, पण विशेष रक्तस्राव नसलेले ३७२ प्रौढ रुग्ण त्यात होते. केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट्स चढवल्याने त्यांच्यातला रक्तस्राव टळला नाही, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल किंवा आकडा फारच खाली, साधारण १० हजारांच्या आत गेला असेल, तर निर्णय वेगळा असू शकतो. तो डॉक्टरांचा.

कधी कधी तर आकडाच फसवा असतो. नमुन्याच्या बाटलीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या की मशीन त्या कमी मोजतं. म्हणून अचानक फार कमी आकडा आला तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घेतली जाते.

पपईच्या पानांच्या रसाचं काय, हा प्रश्न येणारच. काही छोट्या अभ्यासांत त्याने आकडा थोडा लवकर वाढल्याचं दिसलं. पण त्यामुळे रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. कडू रसाने उलट्या सुरू झाल्या तर पोटात हवं असलेलं पाणीच बाहेर जातं. महागड्या किवीचंही तेच, आवडत असेल तर खावं. जास्त उपयोगाचं आहे ते थोडं थोडं ओआरएस, शहाळ्याचं पाणी, ताक, पेज. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच. अंगदुखीसाठी घरात पडलेली ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी इथे घातक ठरू शकते. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारायचं.

गळती थांबली की साचलेलं पाणी पुन्हा रक्तात येतं, भूक लागते, अंगावर खाजणारं लालसर पुरळ उठतं. हे पुरळ बहुधा बरं होत असल्याची खूण असते. या टप्प्यावर 'अशक्तपणा आहे, अजून दोन बाटल्या सलाईन लावा' हा आग्रह धोक्याचा, कारण जादा पाणी फुप्फुसात साचू शकतं. थकवा मात्र काही आठवडे पिच्छा सोडत नाही. दोन-तीन महिन्यांनी केसही गळतात आणि बहुधा परत येतात.

डेंग्यू जाऊन काही आठवडे झाले तरी प्लेटलेट्स कमीच राहिल्या, किंवा ताप नसतानाही अंगावर निळे डाग, पायांवर लाल ठिपके दिसू लागले, मासिक पाळीत नेहमीपेक्षा खूप रक्त गेलं, तर कारण दुसरंच असू शकतं. त्यातलं एक म्हणजे आयटीपी. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट्सवर उलटते. मुलांमध्ये हा आजार बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो, मोठ्यांमध्ये वर्षानुवर्षं राहू शकतो. असे अनेक जण ४०-५० हजार प्लेटलेट्स घेऊन नोकरी, संसार सगळं करतात. फक्त दात काढण्याआधी डेंटिस्टला आणि कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना ते आपला शेवटचा रिपोर्ट दाखवतात.