३१५ बोरची रायफल : निवड कायद्याची

डोंगराळ भागातील मोठ्या शिकारीसाठी परदेशांत वेगवान आणि दूरवर सरळ जाणाऱ्या गोळीची रायफल पसंत केली जाते. भारतातील परवानाधारकांकडे मात्र बहुधा ३१५ बोरची रायफल आढळते. याचे कारण कायद्यात आहे. लष्कराची ३०३ काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, म्हणून ब्रिटिश राजवटीत त्या बोरवर निर्बंध आले आणि सुमारे ८ मिलिमीटरची ३१५ बोर रूढ झाली. तिची गोळी जड, पण तुलनेने संथ असल्याने दूरच्या अंतरावर लवकर खाली येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीवर बंदी आहे. विदर्भ असो वा छत्तीसगड, उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्यासही कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अथवा प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.