मेटलच्या गजरातील जुनी इंग्रजी आणि ऋद्धपूरचे धवळे

ब्लॅक, डेथ, डूम अशा मेटल संगीतप्रकारांना मिळून एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारचा घरघरता नाद, दोन्ही पायांनी वाजवलेला वेगवान ड्रम आणि घशातून काढलेला घोगरा किंवा किंचाळता आवाज ही त्याची ओळख होय. त्याची मुळे बर्मिंगहॅम, न्यूकॅसल अशा इंग्लंडच्या कारखानदारी शहरांत असली, तरी व्हायकिंग पूर्वजांना या संगीतात ठळक स्थान दिले ते स्वीडनच्या बाथरी या बँडने, 1990 च्या ‘हॅमरहार्ट’मध्ये. पुढे इंग्लंडमधील काही बँड आपल्या अँग्लो-सॅक्सन काळाकडे वळले. मँचेस्टरच्या विंटरफिलेथने तर ऑक्टोबर महिन्याचे प्राचीन नावच धारण केले, जे बीड या ख्रिस्ती मठवासी विद्वानाने इ. स. 725 मध्ये नोंदवून ठेवले होते. त्यांच्या 2010 च्या ‘द मर्सियन स्फिअर’मध्ये मर्सिया या जुन्या राज्याचे स्मरण आहे.

नॉर्मनांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वीची अँग्लो-सॅक्सनांची भाषा, म्हणजे जुनी इंग्रजी, आजच्या इंग्रजालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. तिच्या काव्यात सहसा यमक नसते. ओळीचे दोन भाग, प्रत्येकात दोन आघात आणि आघाताच्या अक्षरांवर आरंभध्वनीची पुनरावृत्ती, म्हणजे आपल्या अनुप्रासासारखी योजना, ओळीला बांधून ठेवते. घोगऱ्या गायकीत शब्द अस्पष्ट होतात, पण आघात आणि व्यंजनांचा ठोका टिकतो, म्हणून ही रचना या संगीताला विलक्षण शोभते. ब्लॅक मेटलमधील काही गटांनी मात्र पूर्वजांच्या अभिमानाला वंशद्वेषाची जोड दिली, आणि ती निषेधार्हच आहे.

आपल्याकडे मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडने 2017 मध्ये ‘दशावतार’ हा अल्बम काढला. विषय पुराणांतला, गीते मुख्यतः इंग्रजीत. मध्ययुगीन मराठीचे एक भांडार मात्र अमरावती जिल्ह्यात आहे. मोर्शी तालुक्यातील ऋद्धपूर येथे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि आद्य मराठी कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेने धवळे (विवाहगीते) रचले, जे मुळात गाण्यासाठीच होते. वऱ्हाडातील तरुण वादकांनी हे धवळे आधी वाचावेत, ऋद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठातील अभ्यासकांकडून त्यांचा अर्थ समजून घ्यावा आणि महानुभावांच्या श्रद्धेचा मान राखून त्या मराठीला आपल्या गिटारची साथ द्यावी.