भारमानाचा हिशेब : एसटीच्या नियोजनाचा मागोवा

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. तोवर प्रवासी वाहतूक बहुतांशी खासगी मोटारमालकांच्या हाती होती आणि गाडी भरली की सुटायची. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने दोन अपेक्षा एकत्र बांधल्या : सेवा पुरेशी आणि सुसूत्र हवी, पण कारभार व्यापारी तत्त्वांवर चालावा. एसटीच्या नियोजनाची सारी ओढाताण या दोन कलमांत आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ आणि मराठवाड्यातील वाहतूक सेवा महामंडळात आल्या, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६१ मध्ये आजचे महामंडळ उभे राहिले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत विकत घेतलेल्या चासीवर स्वतःची बांधणी होऊ लागली.

रोजच्या नियोजनाचे केंद्र मात्र आगार. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरे. वाहक टप्प्याटप्प्याला ट्रेमधील तिकिटांचे क्रमांक वेबिलावर उतरवी. त्यावरून कोणत्या गावाला किती माणसे चढली ते कळे. आसनक्षमतेच्या मानाने प्रवासी किती, ते प्रमाण म्हणजे भारमान. फेरी वाढवायची, वेळ बदलायची की गाडी बंद करायची, हे त्या आकड्यावर ठरे. संगणक येण्याच्या कितीतरी आधी एवढी बारीक माहिती रोजच्या रोज आगारात जमा होत होती, ही गोष्ट थोडी नव्हे.

त्या नियोजनातली सर्वांत हुशार युक्ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली गाडी शेवटच्या गावी थांबे, चालक-वाहक तिथेच झोपत आणि पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजची पोरे, बाजारकरी आणि कोर्ट-कचेरीची माणसे घेऊन परत येई. रात्री रिकामे परतायचे आणि पहाटे पुन्हा रिकामे जायचे, असे दोन्ही फेरे त्यामुळे वाचत. गावाला मात्र ही सोय वाटे, हिशेब नव्हे.

आडवळणाच्या फेऱ्यांचा तोटा लांब पल्ल्याच्या गाड्या भरून काढत. १९९० नंतर हे गणित विस्कटले. लांबचे प्रवासी ट्रॅव्हल्सकडे गेले, जवळचे वडाप आणि दुचाकीकडे. खेड्यापाड्याची जबाबदारी आणि १७.५ टक्के प्रवासी कर एसटीकडेच राहिले. भारमान घटले की फेरी कापायची, फेरी कापली की उरलेलेही दुसरी सोय बघायचे; हे चक्र अनेक आगारांनी अनुभवले. भारमान आज कोण चढले ते सांगते, गाडी वेळेवर आली असती तर कोण चढले असते ते सांगत नाही, हा त्या मापाचा जुना दोष.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शासनात विलीनीकरण ही कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती. ती मान्य झाली नाही, पण शासनाचा वाटा दुसऱ्या वाटेने वाढला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. गाड्या भरल्या, आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा शासनाच्या प्रतिपूर्तीवर अवलंबून राहू लागला. दरम्यान २०१७ मध्ये आलेल्या शिवशाहीपासून भाडेतत्त्वाची पद्धत रुजली : गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, तिकीट एसटीचे, मोबदला किलोमीटरमागे. अशी गाडी रिकामी धावली तरी कंत्राटदाराचे देणे चुकत नाही. त्यामुळे भारमानाचा सारा धोका महामंडळाच्या माथी येतो.