पडद्यावरची पलटण – भाग ४ : ‘हकीकत’मधली माणसं

‘हकीकत’चा नायक कोण, असं आज कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं – धर्मेंद्र. पण हा चित्रपट १९६४ साली पडद्यावर आला तेव्हा धर्मेंद्र काही मोठा नट झालेला नव्हता. चार वर्षांपूर्वी ‘दिल भी तेरा हम भी तेरे’मधून सुरुवात केलेला, आदल्या वर्षी ‘बंदिनी’त तुरुंगातल्या डॉक्टरचं काम करून बिमल रॉय यांच्या मर्जीत बसलेला देखणा पंजाबी मुलगा, एवढीच त्याची ओळख. ‘फूल और पत्थर’ला अजून दोन वर्षं होती. तेव्हा ‘हकीकत’ बघायचा तर आजची सगळी माहिती बाजूला ठेवून बघावा. बर्फात उभ्या असलेल्या या पलटणीत पुढे कोण मोठा होणार आणि कोण विस्मरणात जाणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मला या चित्रपटाची खरी ताकद त्यातच वाटते.

१९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झालं, आपण हरलो. ती जखम ओली असतानाच चेतन आनंद यांनी पराभवावर चित्रपट काढायचं ठरवलं. ‘नीचा नगर’ला १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवून देणारा हा दिग्दर्शक, पण हाताशी पैसा नाही. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों मदतीला उभे राहिले आणि पलटण थेट लडाखला गेली. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सख्खा धाकटा भाऊ देव आनंद त्या काळातला पहिल्या रांगेतला तारा, पण या चित्रपटात तो नाही. असा तारा घेतला की पलटण त्याच्या मागची गर्दी होते, आणि प्रेक्षक त्याला मरू देत नाहीत. इथे तर चौकी सोडून मागे हटायचं होतं आणि एकामागून एक मरायचं होतं. चेतन आनंद यांनी माणसं घेतली ती बरीचशी आपल्या अवतीभवतीची : एक भाऊ, एक सहायक, इप्टा या नाट्यसंघटनेच्या दिवसांतला जुना सोबती, लंडनहून आलेली एक मुलगी आणि एक गाणारा पोरगा.

जुना सोबती म्हणजे बलराज साहनी. ‘हकीकत’मधला मेजर रणजितसिंग. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. शांतिनिकेतनात शिकवून झालं होतं, युद्धाच्या काळात लंडनला बीबीसीत काम करून झालं होतं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे ज्या इप्टाच्या चळवळीत होते, त्याच इप्टातून ते आलेले. कम्युनिस्ट म्हणून अटक झाली तेव्हा ‘हलचल’ची कामं अर्धवट होती. परवानगी काढून तुरुंगातून चित्रीकरणाला यायचे आणि संध्याकाळी परत कोठडीत जायचे. त्या चित्रपटात त्यांची भूमिका होती जेलरची! असं आयुष्य जगलेल्या माणसाला गणवेशाचा ताठा दाखवायची गरज उरत नाही. ‘हकीकत’मध्ये शिपायांना मागे हटायला सांगताना ते आवाज चढवत नाहीत. हुकूम देतात आणि क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. हुकूम बरोबर आहे आणि तो देणं लाजिरवाणंही आहे, हे त्या क्षणात सगळं येतं. ‘दो बीघा जमीन’चा शंभू आणि ‘गर्म हवा’तले सलीम मिर्झा यांच्या मधोमध मी या मेजरला ठेवतो. पायाखालची जमीन जाताना ताठ उभा राहिलेला माणूस त्यांनी आयुष्यभर रंगवला. ‘गर्म हवा’चं डबिंग संपवलं आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ला ते गेले. तो चित्रपट लोकांनी पाहिला तो त्यांच्या माघारी.

भाऊ म्हणजे विजय आनंद, सगळ्यांचा गोल्डी. मेजर प्रतापसिंगच्या भूमिकेत तो आहे. पण ‘हकीकत’ने त्याला जे दिलं ते पडद्याबाहेरचं. ‘गाईड’ची हिंदी आवृत्ती आधी चेतन आनंदच करणार होते. त्यांचा जीव ‘हकीकत’मध्ये अडकला, ‘गाईड’ त्यांनी सोडला, आणि शेवटी तो गोल्डीच्या हातात आला. मोठा भाऊ लडाखला गेला नसता तर हिंदी चित्रपटाला आज आपण ओळखतो तो ‘गाईड’ मिळाला नसता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्यानंतर ‘तीसरी मंझिल’, ‘ज्वेल थीफ’, ‘जॉनी मेरा नाम’ – गाणं कसं चित्रित करावं हे शिकायचं तर आजही याच माणसाकडे जावं लागतं. अभिनयाची हौसही त्याने सोडली नाही. १९७४च्या ‘कोरा कागज’मध्ये जया भादुरीसमोरचा अबोल प्राध्यापक तोच, आणि दूरदर्शनच्या ‘तहकिकात’मधला गुप्तहेर सॅम डिसिल्व्हाही तोच.

गाणारा पोरगा होता भूपिंदर सिंग. दिल्लीच्या आकाशवाणीवर गिटार वाजवायचा. मदनमोहन यांनी त्याला ऐकलं आणि मुंबईला बोलावून घेतलं. घर आठवणाऱ्या शिपायांचं जे गाणं ‘हकीकत’मध्ये आहे ते चौघांच्या आवाजात आहे : महंमद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि हा विशीतला नवखा. पडद्यावरही तो शिपायांमध्ये आहे. ते गाणं लक्ष देऊन बघा. कॅमेरा एका थकलेल्या चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येकाची आठवण वेगळी, आवाज वेगळा, आणि कुणालाही मुख्य गायक म्हणावं असं मदनमोहन यांनी ठेवलेलंच नाही. कैफी आझमींच्या कडव्यांमध्येही कुणाचा वाटा मोठा नाही. रफीसाहेबांच्या शेजारी पहिल्याच खेपेला उभं राहायचं म्हणजे कुणाच्याही घशाला कोरड पडावी, पण भूपिंदरचा जाडाभरडा, किंचित दबलेला सूर त्यात बेमालूम बसतो. पुढे आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात त्याची गिटार वाजली, ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या झीनतच्या गाण्याची सुरुवात त्याच्याच बोटांची. मग गझल आली. जुलै २०२२मध्ये मुंबईत तो गेला तेव्हा बातम्यांत गझलगायक एवढंच लिहून आलं.

प्रिया राजवंश मात्र या पलटणीतून कधी बाहेर पडलीच नाही. लंडनच्या राडा या नामवंत नाट्यसंस्थेत शिकलेली ही मुलगी ‘हकीकत’मध्ये लडाखी अंगमो झाली, आणि नंतरचे ‘हीर रांझा’, ‘हँसते जख्म’, ‘कुदरत’ असे तिचे सगळे चित्रपट चेतन आनंद यांचेच. एकूण सात. दुसऱ्या कुणा दिग्दर्शकाच्या हाती ती कशी दिसली असती, याची हुरहुर मला आहे. २००० साली जुहूच्या घरात तिचा खून झाला, आणि त्यानंतर तिच्याविषयी लिहिताना लोक तिच्या कामापेक्षा त्या प्रकरणाबद्दलच लिहीत राहिले.

आणखी काही चेहरे. संजय खान इथे अगदी नवा. पुढे नायक झाला, निर्माता झाला आणि ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’च्या चित्रीकरणात १९८९ साली म्हैसूरच्या स्टुडिओला लागलेल्या आगीत होरपळला. सत्तरहून अधिक शस्त्रक्रियांनंतर त्याने मालिका पुरी केली. सुधीरचा चेहरा ‘सत्ते पे सत्ता’मधल्या सात भावांतला सोम म्हणून लक्षात असेल. आपला सचिन त्यात सर्वांत धाकटा.

या पलटणीचे धागे जुळतात ते थेट ‘शोले’च्या रामगढला. ब्रिगेडियर झालेले जयंत म्हणजे पेशावरकडचे झकारिया खान. विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सच्या जमान्यापासून पडद्यावर असलेले धिप्पाड नट. ‘मेमदीदी’त ललिता पवारांसमोरचा त्यांचा दांडगट पण भोळा दादा ज्यांनी पाहिला ते त्यांना विसरत नाहीत. आणि शिपायांच्या गर्दीत एक किडकिडीत तरुण आहे, मॅक मोहन. कराचीत जन्मलेला, क्रिकेटर व्हायला मुंबईत आलेला आणि चेतन आनंद यांचा सहायक झालेला. त्याचा हा पहिला चित्रपट. अकरा वर्षांनी ‘शोले’ आला तेव्हा धर्मेंद्र वीरू होता, मॅक मोहन खडकावर बसलेला सांभा होता आणि गब्बर होता जयंत यांचा मुलगा अमजद. सांभाचं बरंच काम कापलं गेलं, उरलं एक वाक्य. त्या एका वाक्यावर मॅक मोहन उभ्या देशाला ठाऊक झाला. जयंत मात्र २ जून १९७५ला गेले. ‘शोले’ लागला १५ ऑगस्टला. मुलाचा गब्बर पडद्यावर गाजलेला त्यांना बघायला मिळाला नाही, याची चुटपुट माझ्यासारख्या कित्येकांना आजही आहे.

धर्मेंद्रकडे वळायचं ते ‘हकीकत’च्या शेवटाकडे बोट दाखवून. सोबत्यांना निसटता यावं म्हणून त्याचा कॅप्टन बहादूरसिंग आणि अंगमो शत्रूला रोखून धरतात आणि मरतात. पुढे धर्मेंद्रने ‘ललकार’मध्ये गणवेश घातला, मुलगा सनीने ‘बॉर्डर’मध्ये मेजर कुलदीपसिंग केला. २४ नोव्हेंबर २०२५ला धर्मेंद्र गेला आणि त्याच्यामागून आला ‘इक्कीस’. पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१च्या बसंतरच्या रणगाडा-लढाईत एकविसाव्या वर्षी मारला गेला, त्याला परमवीरचक्र मिळालं. त्याची ही कथा, आणि धर्मेंद्र त्यात त्याचा बाप आहे, ब्रिगेडियर खेत्रपाल. तरुणपणी सीमेवर मरणारा कॅप्टन आणि म्हातारपणी अशाच मुलाचा बाप, या दोन भूमिकांमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ आहे. सहा दशकांच्या कारकिर्दीत ‘सत्यकाम’ सोडला तर या दोन कामांइतकं त्याचं दुसरं काही मला जवळचं वाटत नाही.

चेतन आनंद यांनी १९७१च्या युद्धावर पुन्हा पलटण जमवली, या वेळी हवाई दलाची. १९७३च्या त्या ‘हिंदुस्तान की कसम’मध्ये राजकुमार होता, प्रिया होती आणि एका छोट्या भूमिकेत जयंत यांचा अमजदही होता, गब्बर व्हायच्या दोन वर्षं आधी. पुढच्या आठवड्यात त्या चित्रपटाकडे जाऊ.